दर शुक्रवारी थांबणारं यंत्र

“कोण ठरवतं हे? मला एकदा त्या माणसाचं नाव तरी सांगा!” मॅरियन ओरडत होती. मॅरियन ओरडली की हॅलिफॅक्सच्या बंदरातले सगळे सीगल पक्षी एकदम उडतात आणि नौदलाच्या बोटींवरचे खलाशी आपोआप ताठ उभे राहतात, असं मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं आहे आणि अजून एकानंही हरकत घेतलेली नाही. ती आमची डायरेक्टर. शुक्रवारची दुपार, जानेवारीची सुरुवात, नाताळाच्या माळा अजून भिंतींवर लोंबत होत्या. सरकारातली काही वजनदार माणसं आमचा जुना संगणक निकालात काढण्यापूर्वी एकदा डोळ्यांनी बघून घ्यावा म्हणून आली होती. आणि नेमकी त्यांच्यासमोर, भिंतीवरच्या पडद्यावर, हिरव्या अक्षरांत ती नेहमीची ओळ उमटली: थोड्या वेळात सेवा बंद होईल, उद्या संध्याकाळी पुन्हा सुरू होईल. बाहेर अजून ऊन होतं. खाली खिडक्यांवर लोक रांगेत उभे होते. “दिवसाढवळ्या!” मॅरियन म्हणाली. “सरकारचा संगणक दिवसाढवळ्या दुकान बंद करून घरी जातो, आणि का ते या इमारतीत कुणालाच माहीत नाही?”

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. हन्नाकाकूंचा होता. मी कोपऱ्यात जाऊन घेतला.

“अरे, हे गेले,” काकू म्हणाल्या. “जेवून पडले होते, उठलेच नाहीत. बाकीचं उद्या रात्री बोलू. आता दिव्याची वेळ झाली.”

फोन बंद झाला. पाठोपाठ भिंतीवरचा पडदाही काळा झाला. मॅरियनला ज्या माणसाचं नाव हवं होतं ते मला ठाऊक होतं, वर्षभर ठाऊक होतं, आणि तो माणूस जिवंत असेपर्यंत सांगणार नाही असा मी शब्द दिला होता… तो शब्द आत्ता, या मिनिटाला, संपला होता. पण मी मॅरियनला एवढंच म्हणालो, “बेन गेला.” ती ओरडायची थांबली. खाली कुठल्या तरी खिडकीवरची बाई रांगेतल्या माणसाला “सोमवारी या” असं सांगत होती, ते वरपर्यंत ऐकू आलं.

बेन म्हणजे बिन्यामिन आक्षीकर. ऑफिसात बेन, बंदरापलीकडच्या डार्टमथमध्ये सगळ्या शेजाऱ्यांचे मिस्टर ए., आणि आम्हा मूठभर मराठी लोकांचे बेनीकाका. अलिबागजवळच्या आक्षीचे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. मराठी अशी बोलायचे की माझ्या नागपुरी कानांना ती आधी ओली लागायची आणि मग खारट. मुंबईत एका विमा कंपनीत कार्डांना भोकं पाडून संगणकाशी बोलायच्या काळात ते हे काम शिकले, आणि तरुणपणीच बायकोला घेऊन, दोन स्वेटरांच्या भरवशावर इथं येऊन पडले. खात्याचं नाव मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की त्या प्रांतात कुणी गाडी घेतली, बोट घेतली, विकली, बुडवली, तर त्याची नोंद तळघरातल्या त्या एका यंत्रात व्हायची, आणि त्या यंत्रातली निम्मी अक्कल बेनीकाकांनी घातलेली होती. निम्मी म्हणजे त्यांच्या हिशेबानं सगळी. नम्रता हा पदार्थ काकांच्या घरात शिजत नसे. “माझं यंत्र” म्हणायचे ते. पंतप्रधान बदलले, साहेब बदलले, इमारतीची लिफ्टसुद्धा दोनदा बदलली. यंत्र तेच.

मी या गोष्टीत शिरलो तो ते यंत्र बदलायच्या कामावर. टोरोंटोहून आलो. मला सांगण्यात आलं होतं की वर्षभराचं काम आहे. माझ्या आधी जो आला होता त्यालाही तेच सांगितलं होतं, आणि त्याच्या आधीच्यालाही. त्यांतल्या एकाचं लग्न होऊन मूल शाळेत गेलं तरी काम वर्षभराचंच होतं. यंत्र जुनं होतं यात वाद नाही. त्याचे सुटे भाग जगात कुठं मिळत नसत. एकदा एक पंखा बिघडला तर तो म्हणे एका संग्रहालयातून मागवला, आणि संग्रहालयानं तो परत करायच्या बोलीवर दिला. ही गोष्ट मी रचलेली नाही. संग्रहालय मी घातलं, पण पंखा खरा आहे.

पण यंत्र बदलायचं म्हणजे आधी ते काय काय करतं हे समजून घ्यायचं, आणि प्रत्येक वागणुकीचं कारण शोधायचं. सगळ्याची कारणं सापडली. एकाच गोष्टीचं सापडेना. दर शुक्रवारी ते थांबायचं. बिघडून नाही, नीट, शहाण्यासारखं, आधी सूचना देऊन थांबायचं, आणि शनिवारी अंधार पडल्यावर आपणहून सुरू व्हायचं. आणि थांबायची वेळ दर आठवड्याला सरकायची. उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर, हिवाळ्यात भर दुपारी. हिवाळ्यातल्या शुक्रवारी खिडकीवरच्या बायका शेवटचं काम हातानं लिहून घेत किंवा लोकांना सोमवारी बोलावत आणि बर्फ पडायच्या आत घरी पळत, त्यामुळे त्यांनी याची तक्रार कधीही केली नव्हती. पण आता लोक घरबसल्या फोनवरून परवाने काढायला लागले होते, आणि शुक्रवारी संध्याकाळी घरोघर, बिअरचा कॅन उघडून फोन हातात घेतलेली माणसं “सेवा बंद आहे” वाचून सरकारला शिव्या घालत होती.

तज्ज्ञ आले. व्हँकुव्हरहून आलेल्या एकानं तीन आठवडे आलेख काढून सांगितलं की याचा संबंध भरती-ओहोटीशी आहे. बोटींच्या नोंदी असल्यामुळे कुणीतरी समुद्राचा विचार केला असणार. सस्काटूनहून आलेल्या दुसऱ्यानं समुद्र आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. तो म्हणाला नौदलाचं काहीतरी गुपित आहे, आपण विचारू नये. तिसरा खरोखर हुशार निघाला. त्यानं सिद्ध केलं की यंत्र सूर्यास्ताच्या थोडं आधी थांबतं. मग सगळे सूर्याच्या मागे लागले. रस्त्यावरचे दिवे त्या वेळी लागतात म्हणून विजेचा दाब, सूर्यावरची वादळं, तळघराचं तापमान… तुम्ही म्हणाल, शुक्रवार आणि सूर्यास्त म्हटल्यावर हे एखाद्या शाळकरी पोरालाही कळलं असतं. कळलं असतं! पण आम्ही इंजिनिअर. आम्ही कारण यंत्रात शोधत होतो. यंत्र माणसाच्या हातचं असतं हे आम्हाला शिकवलेलं असतं, पण परीक्षेला येत नाही. माझा स्वतःचा सिद्धान्त असा होता की इमारतीचं हीटिंग आणि यंत्र एकाच फ्यूजवर आहेत. तो मी मीटिंगमध्ये मांडला होता. टाळ्याही पडल्या होत्या.

“हे लिहिलं कुणी?” असं विचारलं की सगळे म्हणत, “बेन.” मी डोळ्यांसमोर एक लालबुंद आयरिश म्हातारा धरला आणि फोन लावला. पलीकडून इंग्रजीत “हॅलो” आलं, मी नाव सांगितलं, आणि पलीकडचा माणूस माझ्या आडनावाचे दोन घोट घेऊन ओरडला, “आँ? नागपूर काय रे? जेवलास का?” त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी नागपूर झालो. माझं नाव त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मला बंदर ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर भेटले. डोक्यावर लोकरीची टोपी, अंगात असा कोट की त्यात आणखी एक काका सहज मावले असते. बोटीच्या कठड्याला टेकून त्यांनी मला पाण्याकडे हात केला. “हे बघ. बांगडा. इथले लोक त्याला मॅकरल म्हणतात आणि आमिष म्हणून वापरतात. गळाला! बांगडा!” त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. “आणि तू मला विचारायला आलायस की यंत्र का थांबतं.”

“सांगा ना, काका.”

“विश्रांती,” ते म्हणाले. “लिहून घे. नियमित विश्रांती.”

मी ते लिहून घेतलं. मॅरियननं ते वाचून कागद माझ्याकडे परत फेकला.

पुढे मला कळलं की त्यांच्या नोकरीच्या काळात दर नव्या साहेबानं हे थांबणं बंद करायचा हुकूम काढला होता. काका लगेच उभे राहायचे. “करतो की साहेब. आत्ता करतो. फक्त हे काढल्यावर जे होईल त्याची जबाबदारी तुमची, तेवढी एक सही द्या.” काय होईल, असं साहेब विचारायचा. “ते मलाही सांगता येणार नाही,” असं म्हणून काका इतक्या दुःखी नजरेनं तळघराच्या जिन्याकडे बघायचे की साहेबाचा हात पेनापासून मागे यायचा. सरकारी नोकरीत सहीला जितकी माणसं घाबरतात तितकी वाघालाही घाबरत नाहीत. साहेबांमागून साहेब निवृत्त झाले. सही कुणी केली नाही. एक शनिवारही चुकला नाही.

आणि मग एकदा त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. शुक्रवारी. घर म्हणजे बंदराच्या बाजूला एक छोटं अपार्टमेंट, आत शिरताच तळलेल्या बांगड्याचा वास, आणि खिडकीखालच्या हीटरवर एक काचेची बरणी ठेवलेली. मला वाटलं लोणचं असेल. “खोबरेल आहे ते,” हन्नाकाकू म्हणाल्या. “इथल्या थंडीत दगड होतं. दर शुक्रवारी आधी तासभर त्याला शेकायला ठेवावं लागतं, तेव्हा कुठं दिव्यात ओतता येतं.” छताला एक काचेचा पेला टांगलेला होता. काकूंनी त्यात पाणी घातलं, वर तेल सोडलं, वात सारखी केली. काका त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बाहेर बंदरावर शेवटचं तांबडं ऊन होतं. काकूंनी काडी ओढली, वात पेटली, त्यांनी प्रार्थनेसाठी डोळ्यांवर हात धरले…

आणि माझ्या खिशातला फोन टुंग करून वाजला. यंत्र थांबलं की मला निरोप यायचा, तशी मीच सोय करून ठेवली होती. मी फोनकडे पाहिलं. दिव्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. काका वाटीतलं मनुकांचं सरबत हलवत होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. हा माणूस पोट धरून हसत होता.

“काका,” मी म्हणालो, “हे तुमचं काम?”

“कसलं काम? आज शुक्रवार. दिवा लागला की आमचा शनिवार सुरू, मग काम करत नाहीत.”

भरतीचा आलेख, नौदलाचं गुपित, सूर्यावरची वादळं आणि माझा फ्यूज… सगळं त्या पेल्यातल्या तेलावर तरंगताना मला दिसलं. मी इतका हसलो की खालच्या मजल्यावरच्या बाईनं झाडूनं छत ठोकलं. मग जेवताना काकांनी गोष्ट सांगितली. आक्षीला त्यांच्या पणजोबांचा तेलाचा घाणा होता. आसपासच्या गावांत या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी यांचा घाणा बंद. “माणूस बंद, बाई बंद आणि बैलही बंद,” काका बोट नाचवत म्हणाले. “बैलाला सुट्टी द्या, हे खुद्द देवानं सांगितलंय. तोंडी नाही, दगडावर कोरून! आता मला सांग नागपूर, ते तळघरातलं धूड वेगळं काय करतं? दिवसभर एका जागी गोल गोल. टेप गोल, तबकड्या गोल. डोळ्यांवर झापडं, कुठं चाललोय पत्ता नाही. घाणाच तो! आणि त्याला मी जुंपलेला. मग त्याची सुट्टी कोणी द्यायची, प्रांताच्या पंतप्रधानानं?”

“पण परवानगी?”

“बैलाच्या सुट्टीसाठी कुणी अर्ज करतं का रे?” त्यांनी बांगड्याचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. “आणि मागितली असती तर मिळाली असती, असं नाही की नसती मिळाली. लोक चांगले आहेत इथले. पण मग दर नव्या साहेबाकडे जाऊन पुन्हा मागा, पुन्हा समजावून सांगा, मी कोण, माझा शनिवार कोणता. एकदा यंत्राला शिकवलं. यंत्र विसरत नाही.”

“पणजोबांना ह्यांनी बघितलंसुद्धा नव्हतं,” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

“ऐकून माहीत आहे!” काका ओरडले. त्यानंतर मी पुष्कळ शुक्रवार त्यांच्याकडे जेवलो, आणि दर शुक्रवारी तो बैल वाढत गेला. आधी तो साधा बैल होता. मग त्याचं नाव हिरा पडलं. मग एका शनिवारी पोर्तुगीजांच्या की इंग्रजांच्या कुणा अधिकाऱ्यानं त्याला जबरदस्तीनं जुंपलं तर तो गुडघे टेकून बसला आणि तोफ आणली तरी उठेना. मी स्वतः या धंद्यातला माणूस असल्यामुळे मला गुरू ओळखता येतो. मी हात जोडले. काका काही कडक धर्मवाले होते असंही समजू नका. शनिवारी टीव्हीला हात लावायचे नाहीत, पण हॉकीची मॅच असेल तर टीव्ही शुक्रवारीच लावून ठेवलेला असायचा, आणि तो चोवीस तास एकटाच बडबडत असायचा.

गेल्या शरद ऋतूत मी त्यांना जाऊन सांगितलं की नवं यंत्र तयार झालं, तारीख ठरली. फेब्रुवारीतला लाँग वीकेंड. शनिवारी पहाटे जुनं यंत्र हातानं सुरू करायचं, त्याच्या पोटातली एकूण एक नोंद उपसून नव्यात भरायची. दिवसभर त्याला पूर्ण ताकदीनं चालवायचं आणि मग कायमचं बंद करायचं. रविवार तपासायला, सोमवार सुट्टीचा, काही चुकलंच तर हाताशी. शनिवारच का, तर त्या दिवशी ते रिकामं असतं म्हणून. असल्या कामाला सगळ्या जगात शनिवारच निवडतात. मला वाटलं काका खूश होतील, किंवा भांडतील. बोटीत होतो आम्ही. अर्धं बंदर पार होईपर्यंत हा माणूस एक शब्द बोलला नाही. मला वाटतं हॅलिफॅक्सच्या इतिहासातली ती सर्वांत शांत फेरी असेल.

“बंद करा,” शेवटी ते म्हणाले. “म्हातारं झालंय, करायलाच हवं. मी त्याच्या आड येत नाही. पण शेवटच्या दिवशी, शनिवारी, त्याला जुंपू नका रे.”

“मग मॅरियनला कारण काय सांगू?”

“मी असेपर्यंत सांगू नकोस. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला केक कापायला लावला होता, सगळं खातं उभं होतं. त्यांना कशाला कळायला हवं की बेननं इतकी वर्षं त्यांना गुंडाळलं? मी गेल्यावर सांग. तोवर काहीतरी थाप मार. तुला काय अवघड आहे?”

आणि इथंच माझी पंचाईत झाली. आयुष्यभर मी कारण नसताना थापा मारल्या, आणि ज्या दिवशी एक धड थाप हवी होती त्या दिवशी एकही चालेना. मी मॅरियनला हवामानाचं सांगितलं. ती म्हणाली, तळघरात बर्फ पडत नाही. माणसं मिळत नाहीत म्हणालो. तिनं माणसं दिली. जुन्या यंत्राला शनिवारी चालायची सवय नाही, ते दगावेल, असं म्हणालो, जे एका अर्थी खरं होतं; ती म्हणाली, त्याला दगावायचंच आहे. तारीख हलेना. काका दर शुक्रवारी जेवताना विचारायचे, “हलली?” मी म्हणायचो, “हलतेय.” त्यांना छातीचा त्रास होता, ते डॉक्टरपेक्षा काकूंना जास्त घाबरून गोळ्या घ्यायचे. नवीन वर्ष लागलं. तारीख तिथंच होती. आणि मग तो शुक्रवार आला.

त्यांच्यात माती द्यायला उशीर करत नाहीत, पण शनिवारी देत नाहीत, म्हणून रविवारी. जमीन लोखंडासारखी गोठलेली. मशीननं खड्डा खणावा लागला होता, पण माती प्रत्येकानं आपल्या हातानं लोटायची असते. मीही फावडं घेतलं. इथं आल्यापासून मी बर्फच शोव्हल केला होता, माती पहिल्यांदा. खात्यातली निम्मी माणसं आली होती. खिडकीवरच्या सगळ्या बायका होत्या, निवृत्त झालेल्यासुद्धा, आणि त्यांच्यातली एक मला म्हणाली की बेनमुळे तिला हिवाळ्यात शुक्रवारी पोरं शाळेतून आणता यायची. तिला कारण माहीत होतं की नव्हतं, हे मी विचारलं नाही. मॅरियनही होती. तिनं फावडं उचललं तेव्हा ते हातातलं खेळणं वाटलं. ती मच्छीमारांच्या गावची आहे.

सोमवारी सकाळी मी तिच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सगळं सांगितलं. दिवा, खोबरेल, घाणा, बैल, सह्या न करणारे साहेब, आणि फेरीवरचं ते मागणं. एक शब्द वाढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि फार विचित्र वाटलं, थंडीत कोट न घालता बाहेर पडल्यासारखं. आता सीगल उडणार म्हणून मी खिडकीकडे बघून ठेवलं. मॅरियन ओरडली नाही. पेनाचं टोपण काढत-घालत बसली.

“त्यानं आम्हाला सगळ्यांना बनवलं,” ती म्हणाली.

“हो.”

“माझे बाबा रविवारी जाळं टाकत नसत. समुद्र आरशासारखा शांत असो, शेजारच्या गावचे लोक भरभरून मासे आणोत, आमची बोट धक्क्याला बांधलेली. लहानपणी मला वाटायचं बोटच दमते.” तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “मग शनिवार तुझ्या काकांचा, रविवार माझ्या बाबांचा. सोमवारी कर.”

आता हे मान्य करणं तिला सोपं नव्हतं, ते समजून घ्या. सोमवार हा आमचा चुकलं-माकलं सावरायचा दिवस होता. तोच कामाला लावला म्हणजे मागे काही उरलं नाही. सोमवारी काही अडकलं असतं तर मंगळवारी सकाळी सगळ्या प्रांताच्या खिडक्या बंद, आणि रेडिओवर मॅरियनचं नाव. वरच्या साहेबांनी तिला का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “जबाबदारी माझी,” आणि सही केली. त्या खात्यातली ती पहिलीच सही असावी.

अशा रीतीनं ज्या यंत्राला जन्मभर आठवड्याला एक सुट्टी मिळाली त्याला शेवटी लागोपाठ दोन मिळाल्या. सोमवारी पहाटे आम्ही त्याला जुंपलं. बाहेर वादळ, आत आम्ही सहाजण आणि पंख्यांची घरघर. दुपारी एका जागी ते अडलं. पडद्यावरचे आकडे थांबले, आणि मॅरियनचा चेहरा बर्फाच्या रंगाचा झाला. कुणी कशालाही हात लावायचा नाही, असं मी म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे. आम्ही उभे राहिलो. आणि थोड्या वेळानं, दम खाऊन झाल्यासारखे, आकडे पुन्हा चालू लागले. संध्याकाळी शेवटची नोंद नव्या यंत्रात उतरली, एका लहानशा बोटीची. मॅरियननं मुख्य बटण मला दाबायला दिलं. पंखे हळूहळू थांबत गेले. तळघरात इतकी शांतता कधीच झाली नव्हती. शुक्रवारीसुद्धा पंखे चालू असायचे. मंगळवारी खिडक्या वेळेवर उघडल्या, आणि हॅलिफॅक्समध्ये कुणाच्या काही लक्षातही आलं नाही.

त्या आठवड्याच्या शुक्रवारी मी काकूंकडे गेलो. फेरीत काकांची कठड्याजवळची जागा रिकामी होती, आणि तिथं एक सीगल उभा होता. मी त्याला हलवलं नाही. घरात बांगड्याचा वास होता, हीटरवर बरणी होती, तेल नुकतं पातळ व्हायला लागलं होतं. टीव्ही बंद होता. मी काकूंना सगळं सांगितलं, मॅरियनचे बाबा, सही, सोमवार, शेवटची बोट. काकू पेला पुसत ऐकत होत्या. खिडकीबाहेर ऊन कलायला लागलं तसा माझा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. फोन वाजला नाही. नवं यंत्र कुणासाठी थांबत नाही. पलीकडच्या काठावर ते आत्ता कुणाचा तरी परवाना काढून देत असणार. काकूंनी वात सारखी केली आणि मला म्हणाल्या, “ये, इथं उभा राहा.” मी काका जिथं उभे राहायचे तिथं जाऊन उभा राहिलो. काडी ओढली, दिवा लागला, त्यांनी डोळ्यांवर हात धरले, काढले.

मग आम्ही जेवायला बसलो, आणि माझ्यानं राहवलं नाही. “काकू,” मी म्हणालो, “बाकी सगळं ठीक, पण यंत्राला बैलासारखी सुट्टी द्यायची, ही कल्पना काकांना सुचली तरी कशी?”

काकूंनी माझ्या ताटात आणखी एक बांगडा वाढला.

“बैलबिल काही नाही. इथल्या पहिल्या हिवाळ्यात हे शुक्रवारीही अंधार पडेपर्यंत त्या यंत्रापाशीच असायचे. मी सांगितलं, मी एकटीनं दिवा लावणार नाही.”